नॅरोबोट : कालव्याच्या संथ पाण्यातून भरतीच्या खाडीत

इंग्लंड आणि वेल्समधील अंतर्गत कालव्यांसाठी घडवलेली, रुंदीने सात फुटांच्या आत बसणारी आणि लांबीने बहात्तर फुटांपर्यंत जाणारी चिंचोळी नौका म्हणजे नॅरोबोट. अठराव्या शतकात ती कोळसा, लोखंड, चुनखडी आणि चिनी माती वाहत असे. आज त्याच मापाच्या पोलादी नौकांतून हजारो लोक सुटी घालवतात आणि कित्येक जण त्यांतच बारा महिने घर करून राहतात. ही नौका स्थिर पाण्यासाठी जन्मली. मात्र ब्रिटनमधील कालव्यांचे जाळे सर्वत्र अखंड नाही. काही ठिकाणी एका कालव्यातून दुसऱ्यात जायचे तर वाटेत भरती-ओहोटीची नदी किंवा खाडी ओलांडावी लागते आणि तेथे या नौकेच्या घडणीतील सोयीच अडचणी होऊन बसतात. नॅरोबोटची घडण, तिचा इतिहास आणि भरतीच्या पाण्यातून तिला नेताना पाळावी लागणारी शिस्त यांचा हा परिचय आहे.

सात फुटांचे माप कोठून आले?

ब्रिटनमधील कालवेयुगाचा आरंभ सामान्यतः १७६१ या वर्षापासून मानला जातो. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या उमरावाच्या वर्स्ली येथील खाणीतील कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी बांधलेला कालवा त्या वर्षी वाहता झाला. बार्टन येथे हा कालवा पुलावरून अर्वेल नदी ओलांडत असे. खाली नदी आणि वर नौका हे दृश्य पाहण्यास त्या काळी लोक दुरून येत. कालव्यामुळे मँचेस्टरमधील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला असे सांगितले जाते. याचे कारण सरळ होते. खराब रस्त्यावर एक घोडा फार तर दोनेक टन माल ओढी. तोच घोडा काठावरून चालत दोराने नौका ओढू लागला की पंचवीस-तीस टन माल सहज पुढे सरके.

या कालव्याच्या कामात जेम्स ब्रिंडली हा अभियंता प्रमुख होता. पुढे १७६६ मध्ये संसदेची मंजुरी मिळालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे काम त्याच्याकडे आले. प्रसिद्ध मृत्तिकाशिल्पकार जोसाया वेजवुड हा या योजनेचा मोठा पुरस्कर्ता होता, कारण खडबडीत रस्त्यावरून जाताना त्याची भांडी फुटत आणि नफा त्यांच्याबरोबर जाई. या मार्गावर हेअरकासल येथे टेकडीच्या पोटातून सुमारे २,६३० मीटर लांबीचा बोगदा खणावा लागणार होता. बोगदा जितका रुंद तितका खर्च अधिक आणि लॉक जितके मोठे तितके पाणी अधिक खर्ची पडणार. ब्रिंडलीने लॉकची रुंदी सुमारे सात फूट आणि लांबी सुमारे बहात्तर फूट ठेवली. नंतरच्या अनेक कालव्यांनी हेच माप उचलले आणि त्या मापात बसेल तीच नौका मध्य इंग्लंडभर फिरू शकेल असा अलिखित नियम झाला. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला. कालवा पूर्ण झाला १७७७ मध्ये. त्याने ठरवलेले माप मात्र अडीचशे वर्षांनंतरही नौका बांधणाऱ्यांना पाळावे लागते.

हेअरकासलच्या त्या पहिल्या बोगद्यात घोड्यासाठी वाट नव्हती. घोडा टेकडीवरून पलीकडे नेत आणि नावाडी नौकेवर उताणे पडून बोगद्याच्या भिंतींना पाय लावून नौका रेटत. टॉमस टेलफर्डने १८२७ मध्ये शेजारी दुसरा बोगदा बांधला तेव्हा ही यातायात संपली. याच टेलफर्डने विल्यम जेसप याच्यासमवेत वेल्समध्ये पॉन्टकसल्टे येथे उभारलेला जलसेतू १८०५ मध्ये खुला झाला. दगडी खांबांवर तोललेल्या बिडाच्या पन्हळीतून नौका डी नदीच्या सुमारे ३८ मीटर उंचीवरून जातात. २००९ पासून हा सेतू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

लॉक कसे चालते?

कालव्याचे पाणी सपाट असते आणि जमीन तशी नसते. हा पेच लॉक सोडवते. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला, दगडविटांनी बांधलेला लांबट हौद म्हणजे लॉक. वर चढायचे असेल तर नौका खालच्या दरवाजातून हौदात घेतात आणि तो दरवाजा मिटतात. मग वरच्या बाजूच्या झडपा हाताच्या लोखंडी दांडीने फिरवून उघडतात. वरचे पाणी हौदात उतरते, नौका त्याबरोबर उचलली जाते आणि दोन्ही बाजूंची पातळी एक झाली की वरचा दरवाजा उघडतो. पंप नाही, वीज नाही. सारे काम गुरुत्वाकर्षण आणि माणसाची पाठ करते, कारण दरवाजाला जोडलेली जाड तुळई पाठीने रेटावी लागते. एका अरुंद लॉकमधून नौका उतरली की सुमारे एक लाख लिटर पाणी वरच्या टप्प्यातून खाली जाते. म्हणूनच कालव्यांच्या माथ्यावर जलाशय बांधावे लागले.

जोडदरवाजे असतात तेथे त्यांची दोन दारे एका सरळ रेषेत मिटत नाहीत. ती उंच पाण्याच्या दिशेला टोक करून कोनात मिटतात आणि पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. खाजन शेतीच्या बांधातील मानस पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला हे तत्त्व परके वाटणार नाही. भरती चढू लागली की मानशीचे दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. दोन्ही ठिकाणी पाण्याला अडवण्याचे काम पाण्याकडूनच करून घेतले आहे.

लॉकमध्ये एक धोका मात्र नेहमी सांगितला जातो. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो पाण्याखाली दिसत नाही. खाली उतरताना नौकेचा मागचा भाग या उंबरठ्यावर टेकला तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जात राहतो, नौका तिरपी होते आणि काही मिनिटांत बुडू शकते. त्यासाठी काठावर पांढरी रेघ मारलेली असते. नौका त्या रेघेच्या पुढे ठेवायची आणि कोणीतरी झडपेजवळ उभे राहून नजर ठेवायची, हा पहिला धडा असतो.

मालवाहू नौका ते राहते घर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेल्वेने मालवाहतूक हिरावून घेण्यास सुरुवात केली. भाडे घटले तसे नावाड्यांनी काठावरची घरे सोडून कुटुंब नौकेवर आणले. मागच्या बाजूला सुमारे दहा फूट लांबीची खोली, तीत शेगडी, घडीची खाट, मुलेबाळे आणि पितळी भांडी. पुढचा साठ फुटांचा भाग मालाचा. या खोल्यांच्या दारांवर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवण्याची जी चित्रशैली रूढ झाली ती आजही नॅरोबोटची ओळख आहे. मुलांचे शिक्षण आणि आरोग्य यांची आबाळ होत असल्याने १८७७ मध्ये अशा नौकांची नोंदणी व तपासणी यांविषयीचा कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडले तेव्हा तरुण स्त्रियांनी प्रशिक्षण घेऊन लंडन ते बर्मिंगहॅम मार्गावर मालाच्या नौका चालवल्या.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. तोवर अनेक कालवे गाळाने भरून चालले होते. १९४४ मध्ये एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि विस्मरणात चाललेल्या जलमार्गांकडे वाचकांचे लक्ष वळले. त्यातूनच रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलीसुरली मालवाहतूक जवळपास संपली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने प्रथमच काही कालवे सहलीच्या नौकानयनासाठी राखावेत असे मान्य केले. ज्यांना ते संरक्षण मिळाले नाही असे अनेक कालवे स्वयंसेवकांनी फावडी घेऊन, गाळ उपसून, लॉकचे दरवाजे नव्याने बसवून पुन्हा वाहते केले.

यातील ठळक उदाहरण केनेट अँड एव्हन कालव्याचे. १८१० मध्ये पूर्ण झालेला हा कालवा विसाव्या शतकाच्या मध्यास नादुरुस्त होऊन ठिकठिकाणी बंद पडला होता. दीर्घ प्रयत्नांनंतर १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल येथे या कालव्यावर २९ लॉकची मालिका आहे. त्यांपैकी १६ टेकडीच्या उतारावर एका रांगेत पायऱ्यांसारखी दिसतात. ज्या स्विंडन शहरात आज गोमंतकीयांची मोठी वसाहत आहे, तेथून हे ठिकाण फार दूर नाही. स्विंडनमधूनही एके काळी विल्ट्स अँड बर्क्स कालवा जात असे. १९१४ मध्ये तो कायद्याने बंद झाला आणि त्याचे काही तुकडे आता पुन्हा खणून काढले जात आहेत.

आजचे नियम

२०१२ पासून इंग्लंड-वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. त्यांवर ३५ हजारांच्या आसपास परवानाधारक नौका आहेत. परवान्यासाठी नौकेचा विमा आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या तपासणीचे सुरक्षा प्रमाणपत्र लागते. कालव्यातील कमाल वेग ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत असतो. काठाला बांधलेल्या नौकांजवळून जाताना तोही कमी करावा लागतो, कारण लाटेने काठ ढासळतो. ज्याला नौका बांधण्यासाठी कायमची जागा नाही त्याने १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ थांबू नये असा नियम आहे. घरभाडे परवडेनासे झाल्याने नौकेवर राहायला आलेल्या अनेक कुटुंबांना मुलांची शाळा, दवाखाना आणि हा नियम यांची सांगड घालताना तारेवरची कसरत करावी लागते. सुटीसाठी भाड्याने नौका घेणाऱ्यास वेगळा चालक परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी दाखवून दिले जाते तेवढे पुरते. मात्र भाड्याची नौका भरतीच्या पाण्यात नेण्यास बहुतेक व्यावसायिक परवानगी देत नाहीत. त्याचे कारण नौकेच्या घडणीत आहे.

नॅरोबोटचा तळ सपाट असतो, पाण्याखालचा भाग जेमतेम दोन-अडीच फूट. उथळ कालव्यात हेच हवे. परंतु कडेने लाट आली की सात फुटांची ही नौका डोलते. तिची कड पाण्यापासून फार उंच नसते आणि मागील बाजूस हवेची किंवा पाण्याच्या निचऱ्याची भोके पाण्याच्या रेषेपासून थोडीच वर असतात. युरोपीय वर्गवारीत अशा नौका सामान्यतः ‘ड’ वर्गात, म्हणजे आडोशाच्या पाण्यासाठी, मोडतात. साधारण तीस सेंटीमीटरच्या, क्वचित अर्ध्या मीटरपर्यंतच्या लाटा एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. साठ फुटांची पोलादी नौका चटकन वळत नाही आणि चटकन थांबतही नाही. संथ पाण्यात हे दोष खपून जातात. प्रवाह स्वतःच ताशी चार-पाच मैलांनी धावत असेल तेथे ते खपत नाहीत.

जाळ्यातील भरतीचे सांधे

असे असूनही नॅरोबोट भरतीच्या पाण्यातून जातात, कारण त्यावाचून पलीकडचा कालवा गाठता येत नाही. अशा चार ठिकाणांचा उल्लेख येथे पुरेसा आहे.

पहिले लंडन. टेम्स नदीत टेडिंग्टनच्या लॉकपर्यंत भरती येते. ग्रँड युनियन कालवा ब्रेंटफर्डला आणि रीजंट्स कालवा लाइमहाउसला या भरतीच्या टेम्सला मिळतो. ब्रेंटफर्ड ते टेडिंग्टन हा टप्पा लहान आणि तुलनेने सोपा. वाटेत रिचमंड येथे १८९४ पासून उचलता येणारे दरवाजे आहेत. ओहोटीला ते खाली सोडून वरच्या अंगाला पाणी राखले जाते आणि भरतीच्या आगेमागे काही तास ते वर उचलून नदी मोकळी केली जाते. लाइमहाउसकडील टप्पा मात्र निराळा. तेथे उधाणाच्या भरतीत पाणी सात मीटरच्या आसपास चढउतार करते. प्रवासी बोटींच्या लाटा दोन्ही काठांच्या दगडी भिंतींवर आपटून परततात. १३.७ मीटरपेक्षा लांब नौकांना लंडनच्या भरतीच्या टेम्समध्ये सामान्यतः व्हीएचएफ रेडिओ सक्तीचा आहे.

दुसरे ट्रेंट नदी. न्यूअर्कच्या पुढे क्रॉमवेल लॉकपाशी भरतीचे पाणी सुरू होते. येथे भरती थोडा वेळ पण जोरात येते आणि ओहोटी दीर्घकाळ चालते. मोठ्या उधाणाला ‘ईगर’ नावाची लाट नदीच्या वरच्या दिशेने धावत येते. नदीच्या वळणांवर आतल्या बाजूस वाळूचे पट्टे असतात. जवळचा रस्ता म्हणून वळण कापायला गेले की नौका वाळूवर चढते, आणि ती ओहोटीची वेळ असली तर पुढच्या भरतीपर्यंत तेथेच राहते. कीडबी येथे कालव्याच्या तोंडाशी प्रवाह आडवा वाहतो. म्हणून नौका आधी प्रवाहाच्या सामोरी वळवून घ्यायची, वेग आटोक्यात आणायचा आणि मगच लॉकमध्ये शिरायचे, अशी रीत आहे.

तिसरे रिबल नदीची खाडी. लँकेस्टर कालवा अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला, परंतु रिबल नदीवरचा जलसेतू पैशाअभावी कधीच झाला नाही. त्याऐवजी घोड्यांची ट्रामगाडी माल ओढून पलीकडे नेई. त्यामुळे हा कालवा सुमारे दोन शतके देशातील अन्य कालव्यांपासून तुटलेला राहिला. २००२ मध्ये सॅविक नावाच्या ओढ्याला नऊ लॉकनी बांधून घेऊन रिबल लिंक हा मार्ग खुला झाला आणि हा सांधा जुळला. तरीही टार्ल्टन लॉक ते सॅविकचे तोंड हे अंतर डग्लस आणि रिबल या भरतीच्या नद्यांतूनच कापावे लागते. ही वाट वर्षभर उघडी नसते. भरती, उजेड आणि वारा जुळेल अशाच निवडक दिवशी, आधी नोंदणी केलेल्या नौकांना आणि एका दिवशी एकाच दिशेने सोडले जाते. दोन नद्यांच्या संगमावर दीपस्तंभासारखी एक खूण आहे. तिला वळसा न घालता आडवे जाणारी नौका चिखलात रुतते.

चौथे आणि सर्वांत कठीण सेव्हर्नची खाडी. जगातील सर्वाधिक भरती-ओहोटीच्या जागांत तिची गणना होते. मोठ्या उधाणाला तेथे पाणी चौदा मीटरच्या आसपास चढउतार करते. नदीचा धोकादायक भाग टाळण्यासाठीच १८२७ मध्ये ग्लॉस्टर अँड शार्पनेस कालवा बांधला गेला. ब्रिस्टलकडे जाणारी नौका भरतीच्या माथ्याच्या सुमारास शार्पनेसच्या लॉकमधून बाहेर पडते, ओहोटीबरोबर १९६६ आणि १९९६ मध्ये बांधलेल्या दोन मोठ्या पुलांखालून पोर्टिशेडकडे जाते, तेथे पुढच्या भरतीची वाट पाहते आणि त्या भरतीवर स्वार होऊन एव्हन नदीतून ब्रिस्टलला पोहोचते. या मार्गावर स्थानिक पायलट बरोबर घेणे ही जवळजवळ सर्वमान्य रीत असून अनेकदा विम्याचीही तशी अट असते.

ही खबरदारी अतिरेकी वाटू नये, याचे कारण इतिहासात आहे. २५ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दाट धुक्यात ‘आर्केनडेल एच’ आणि ‘वास्टडेल एच’ या तेलवाहू बार्जना शार्पनेसच्या बंदराचे तोंड साधता आले नाही. जोराच्या भरतीने त्या पुढे वाहत गेल्या, एकमेकींना चिकटल्या आणि सेव्हर्नवरील रेल्वेपुलाच्या खांबावर आदळल्या. खांब कोसळला, तेलाने पेट घेतला आणि पाच खलाशी मृत्युमुखी पडले. पूल पुन्हा दुरुस्त झाला नाही, पुढे तो पाडून टाकण्यात आला. ती माणसे नवशिकी नव्हती, आणि त्या बार्जही नॅरोबोटपेक्षा कितीतरी दणकट होत्या.

भरतीचे गणित

भरतीच्या पाण्यात उतरणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : पाणी केव्हा भरणार, किती भरणार आणि कोणत्या तासाला सर्वाधिक वेगाने धावणार. दोन भरतींमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. त्यामुळे आजच्या वेळेपेक्षा उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. आपल्याकडील मच्छीमारांना हे तिथीवरून कळते. इंग्लंडमध्ये त्यासाठी छापील तक्ते मिळतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी ‘बारा भागांचा नियम’ वापरतात. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंतचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढावाच्या बारा भागांपैकी एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे एकूण चढाव बारा मीटर असेल तर मधल्या दोन तासांतच सहा मीटर पाणी चढते. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाचा चढाव ढोबळमानाने दोन मीटर धरला तर मधल्या दोन तासांत तो एक मीटर होतो. नियम तोच असला तरी पाण्याचे बळ किती वेगळे असेल याची कल्पना यावरून येते. अरुंद होत जाणाऱ्या नदीमुखात हा हिशेब बिघडतो, म्हणून तेथे स्थानिक तक्ता आणि लॉकवरील कर्मचाऱ्याचा सल्ला हाच अंतिम मानावा लागतो.

निघण्यापूर्वीची तयारी

अनुभवी नावाडी खाडीत उतरण्यापूर्वी काही गोष्टी न चुकता पाहतात. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ आणि पाणी कालव्यात त्रास देत नाही. लाटांनी नौका हलली की तो ढवळून फिल्टरमध्ये अडकतो आणि प्रवाहाच्या मध्यावर इंजिन बंद पडते. म्हणून फिल्टर नवे बसवतात आणि जादा जवळ ठेवतात. कालव्यात मंद चालणारे इंजिन खाडीत काही तास जोराने चालवावे लागते, तेव्हा ते तापते की काय हे आधी एखाद्या नदीवर पारखून घेतात. पंख्यात अडकलेले गवत काढण्यासाठी असलेले झाकण घट्ट बसले आहे ना हे पाहतात, कारण ते सैल असेल तर नौकेत पाणी शिरते. पुढची दारे बंद करतात आणि खालची भोके बुजवतात.

नांगर नौकेच्या वजनाला साजेसा, साखळी आणि लांब दोरासह, आणि मुख्य म्हणजे टाकण्यास तयार स्थितीत हवा. पेटीत ठेवलेला नांगर प्रसंगी उपयोगी पडत नाही. तो नौकेला आधीच बांधलेला असावा. सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे, हाती व्हीएचएफ रेडिओ, लॉकवर पोहोचण्याची वेळ आधी कळवलेली, आणि शक्य तर सोबतीला दुसरी नौका. घरातील कपाटे, भांडी, शेगडी बांधून ठेवतात. आणि या सर्वांच्या वर हवामान. वारा प्रवाहाच्या उलट वाहू लागला की थोड्या वेळात उभ्या, आखूड लाटा उठतात. अशा दिवशी सर्व तयारी झालेली असली तरी निघायचे नाही. सुटी संपत आली आहे, पाहुणे खोळंबले आहेत, लॉकची वेळ मिळाली आहे ही कारणे भरतीपुढे चालत नाहीत. खाडीच्या काठी आठवडाभर थांबून माघारी वळलेल्या नौकांची संख्या कमी नाही, आणि त्यांना कोणी हसत नाही.

जपणुकीचा प्रश्न

कालवा दिसायला निवांत असला तरी त्याला सतत हात लागतो. लॉकचे लाकडी दरवाजे साधारण पंचवीस वर्षांनी बदलावे लागतात. ठराविक काळाने गाळ काढावा लागतो. माथ्यावरचे जलाशय तर दीडदोनशे वर्षांचे आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरवणाऱ्या टॉडब्रुक जलाशयाच्या सांडव्याचा भाग अतिवृष्टीने खचला, तेव्हा खालच्या व्हेली ब्रिज गावातील सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. हेलिकॉप्टरने दगडांची पोती टाकून धरण सावरण्यात आले आणि जीवितहानी टळली. ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये जाहीर केल्यानुसार २०२७ पासूनच्या दहा वर्षांत ट्रस्टला सुमारे ४० कोटी पौंडांचे अनुदान मिळणार आहे. महागाई लक्षात घेता ही मोठी कपात असल्याचे ट्रस्टचे म्हणणे आहे. नौकाधारकांचे परवाना शुल्क वाढवून ही तूट भरता येईल का, की काही कालव्यांवर पुन्हा १९५० च्या दशकातील कळा येईल, हा तेथील चर्चेचा विषय आहे. एकदा फुटलेला कालवा पुन्हा भरायला एक पिढी लागते, हे केनेट अँड एव्हनने दाखवून दिले आहे.

गोव्यातील जलमार्गांशी या साऱ्याचा संबंध एका मर्यादेपर्यंतच आहे. २०१६ च्या कायद्याने कुंभारजुवे, मांडवी आणि जुवारी यांना अनुक्रमे २७, ६८ आणि १११ या क्रमांकांचे राष्ट्रीय जलमार्ग म्हणून मान्यता मिळाली. सुमारे १७ किलोमीटरच्या कुंभारजुवे कालव्यात लॉक नाही. दोन्ही टोकांनी भरतीचे पाणी आत येते. पावसाळ्यात मांडवीचे मुख धोक्याचे झाले की खनिजाच्या बार्ज याच आतल्या मार्गाने मुरगावकडे जात. आपला कालवा नेहमीच भरतीच्या तंत्राने चालला. इंग्लंडमधील नावाड्याला ते तंत्र वेगळे शिकावे लागते, कारण त्याच्या कालव्यात पाणी त्याच्या हुकमाने चढते-उतरते. शार्पनेसच्या दरवाजाबाहेर पडल्यावर तो हुकूम संपतो. तेथून पुढे घड्याळ चंद्राचे, आणि नौका कितीही सुरेख रंगवलेली असली तरी तिला त्याच घड्याळाप्रमाणे निघावे लागते.